कागदोपत्री मामा

अंबादास,

परवा तुझा दहावा झाला. तुझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. समोर ठेवलेली कपबशी एकाएकी कलंडली, म्हणून सतरंजीची कड उचलून पाहिली, तर खाली फरशीतलं भोक. चारांपैकी एक. कड होती तशी सोडून दिली आणि सांडलेला चहा रुमालानं टिपत बसलो. तुझी थोरली म्हणाली, "काका, ऱ्हाऊ द्या, मी पुसते की." मी म्हटलं, "नको गं, मीच सांडलाय." चहाच्या बाबतीत मी असा लगेच कबूल होतो.

जमलेली माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा माणूस, वगैरे. मग कुणीतरी मला म्हणालं, "वसंतराव, तुमी तर शाळेपासनं संगं. तुमी बोला काय तरी." लग्न असो की मयत, दोन शब्द बोलायला मला कधी आग्रह लागत नाही. तूच म्हणायचास, वसंताच्या तोंडाला मिलचा भोंगा बसवलाय, फक्त पाळी सुटल्याचा वाजत नाही. परवा मात्र मी हात जोडले आणि गप्प बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. मी त्यांना तसं वाटू दिलं.

आता बोलतो. हे सगळ्यांत आधी तुला सांगायला हवं होतं, आणि ते सात वर्षं राहून गेलं.

तिसरीपासून सातवीपर्यंत आपण एका बाकावर. तुझ्या घरी तेलुगू, मराठी तू शाळेतच शिकलास, आणि ती बरीचशी माझ्या पाटीवरून. तुझं शुद्धलेखन म्हणजे माझंच शुद्धलेखन, चुकांसकट. मास्तर एकदा म्हणाले, दोघांचं अक्षर तेवढं वेगळं आहे, नाहीतर एका वहीत भागलं असतं. माझ्या अक्षराला तू नावं ठेवायचास. शेपट्या फार काढतो म्हणून. सातवीनंतर तू वडिलांच्या पाठोपाठ मिलमध्ये गेलास, मी मॅट्रिक झालो आणि काही वर्षांनी त्याच मिलच्या लेबर ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो. तू विणाई खात्यात, कापसाच्या धुळीत. मी पंख्याखाली. त्याचं तुला कधी काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हाही, खरं सांगतो, थोडं बरं वाटायचं.

आपलं भांडण एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. विम्याचं. पगारातून विम्याचं कापलं गेलं की तू ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राहायचास.

"वसंता, ह्ये कापत्यात, त्याचं मिळतंय काय रं? पांढऱ्या गोळ्या आन् लाल पानी. ताप आला तरी त्येच, पाय मुरगाळला तरी त्येच."

"अरे, गोळ्यांसाठी नाही कापत. मोठं दुखणं आलं की कळेल तुला."

"मोठं दुखनं येऊ नये म्हनून मी सिद्धेश्वराला नारळ फोडतो की. त्यो पगारातनं कापत न्हाय."

खिडकीपाशी उभी असलेली माणसं हसायची. मग मी विमा योजनेची कलमं सुनवायचो, आणि तू कानांत बोटं घालून निघून जायचास. मला ते भांडण आवडायचं. त्यात मी नेहमी शहाण्याच्या जागी असायचो.

लेकीच्या वेळी माझ्या बायकोला बाळंतपणात रक्ताची बाटली हवी होती. माझे दोघे भाऊ विचार करतो म्हणाले. तू विचार केला नाहीस. रक्त दिलंस, कपभर चहा घेतलास आणि दुपारच्या पाळीला गेलास. चार दिवसांनी मी आभार मानायला लागलो तर म्हणालास, "गप रं. तुझ्या पोरीत आता निम्मं तेलुगू रक्त हाय. तिला मराठीत कमी मार्क पडले तर मला बोल लावू नको." हे मला रोज आठवायला हवं होतं. आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

राजमणी वहिनी तुझ्या अक्काची मुलगी. तुमच्यात थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाला देतात, ती जन्मल्यापासूनच घरची सून. आमच्या घरी हे ऐकून आई कानांवर हात ठेवायची, आणि तू तिला समजावून सांगायचास, "आई, सून बाहेरनं आनली की तिला घर दाखवावं लागतंय. ही तर आमच्या घरातच रांगली." वहिनी लहानपणापासून तुला मामा म्हणायची. लग्न झाल्यावर काय म्हणणार? नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. ती मामाच म्हणत राहिली. आणि मी त्यावरून तुम्हा दोघांना छळत राहिलो. दारात आलो की ओरडायचो, "मामा आहेत का घरात?" वहिनी आतून म्हणायची, "मामा हायत, पन तुमचे न्हाईत."

दुष्काळाच्या आदल्या वर्षी विमा योजनेनं कुटुंबाच्या नोंदी नव्यानं मागवल्या. कामगाराच्या बायकापोरांनाही आता मोठ्या दवाखान्यात उपचार मिळणार होते, त्यासाठी प्रत्येकाचं नाव, वय आणि कामगाराशी नातं. तीन प्रती, कार्बन घालून, इंग्रजीत. मिलच्या फाटकाशी टेबल टाकून मी बसलो. तुझी पहिली पाळी होती, म्हणून तू वहिनीला रांगेत उभं केलंस. सकाळपासून तीच ती नावं लिहून मी कंटाळलो होतो. वहिनी पुढं आली तसा मला जोर आला.

"नाव?"

"राजमणी."

"नवऱ्याचं?"

"तुमाला ठावं हाय की, भावजी."

"मला ठाऊक आहे, फॉर्मला नाही. बरं, ते विणाई खात्यातले अंबादास, ते तुमचे कोण?"

मागची रांग आता कान देऊन ऐकत होती. वहिनीनं पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "मामा."

"मग तुम्ही त्यांच्या भाची," मी म्हटलं, आणि नात्याच्या रकान्यात चांगलं ठसठशीत इंग्रजीत 'नीस' असं लिहून टाकलं. रांगेकडं वळून म्हणालो, "घ्या, आज अंबादासला कागदोपत्री मामा बनवला."

काय हशा पिकला म्हणून सांगू. वहिनीसुद्धा हसली. तिला वाटलं, भावजी नुसतं तोंडानं बोलताहेत. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं.

तो फॉर्म फाडून दुसरा करायचा, हे माझ्या मनात होतं. पण फॉर्मांवर नंबर होते, ते साहेबांनी मोजून दिले होते, आणि फाडलेला फॉर्म कारण लिहून परत करायचा होता. कारण काय लिहिणार? थट्टा केली? दुपारी साहेबांना सांगू म्हटलं, तर दुपारी साहेब कुणावर तरी उखडले होते. उद्या सांगू म्हटलं, तर सकाळीच गठ्ठा गेला. मग मी स्वतःची समजूत घातली की अंबादासच्या घरी दुखतंय कुणाला. पुढं त्याच यादीवरून फंडाच्या आणि पेन्शनच्या कागदांवर घरच्यांची नावं उतरवायची वेळ आली. उतरवणारा मीच. तुझ्या नावापाशी हात थांबला. पण एका कागदावर भाची आणि दुसऱ्यावर बायको असं दिसलं तर कुणीतरी विचारणारच. तिथंही मी भाचीच उतरवली. कागदाला कागद जुळवला आणि पुढचं नाव घेतलं.

तीन वर्षांनी वहिनीच्या पोटात गाठ निघाली. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोट तपासून चिठ्ठी लिहिली, मोठ्या दवाखान्यात न्या, ऑपरेशन लागेल, फार थांबू नका. तू चिठ्ठी आणि कार्ड घेऊन गेलास, आणि तिथल्या खिडकीवरून परत आलास. रेकॉर्डला तुझी बायकोच नव्हती.

तू सरळ माझ्याकडं आलास. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. "वसंता, त्ये म्हनत्यात ही तुमची भाची हाय, बायको न्हाय. भाचीला विमा न्हाय म्हनत्यात. असं कसं लिवलं गेलं रं?"

तेव्हा सांगता आलं असतं. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास, मग आपण दोघं मिळून साहेबांकडं गेलो असतो. पण त्याच महिन्यात हेडक्लार्कची जागा भरायची होती, आणि चुकीच्या नोंदीसाठी साहेबांनी एकाला नुकतंच गोडाऊनमध्ये पाठवलं होतं. मी म्हटलं, "वरच्या कचेरीत उतरवताना चुकलं असेल. बघतो मी."

हे मी तुझ्या तोंडावर, तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो.

विम्याच्या कचेरीत तुला चौकशीला बोलावलं. मिलतर्फे कुणीतरी हजर राहायचं होतं. साहेबांनी मलाच पाठवलं. तिथले अधिकारी उत्तरेकडचे, नवीन आलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी तुला बसायला खुर्ची दिली, वहिनीलाही. तू रेशनकार्ड दाखवलंस. ते तुझ्या वडिलांच्या नावाचं, त्यात घरातल्या सगळ्यांची नुसती नावं. लग्नपत्रिका दाखवलीस, ती तेलुगूत. मग त्यांनी सरळच विचारलं, "ये आपकी बहन की लड़की है?"

तू कधी खोटं बोलला आहेस? "हाँ साब. अक्का की लड़की."

"और आपकी बीवी भी है?"

"हाँ साब."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. वहिनीकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. त्यांच्या मुलखात असं ऐकलंही नसणार. त्यांना वाटलं असेल, हा माणूस भाचीचं ऑपरेशन फुकटात करून घ्यायला तिला बायको म्हणतोय, आणि धड खोटंही बोलता येत नाही बिचाऱ्याला. शिपाई इथलाच होता. तो म्हणाला, "साब, इनके लोगों में ऐसाच होता है." अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांना पटत चाललं होतं. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मिल का रिकॉर्ड क्या कहता है?"

मी उभा राहिलो. उठायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी उभा राहिलो. म्हणालो, "रिकॉर्ड में तो नीस लिखा है, साहब."

त्यांनी फाइलमधून तो फॉर्म काढून तुझ्यासमोर ठेवला. ही सही तुमचीच ना, म्हणून. तुझी तेलुगूतली सही खाली होतीच, वहिनीनं त्याच दिवशी फॉर्म घरी आणून करून घेतलेली. तू त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, इंग्रजी लागत नाही म्हणून बघतो आहेस. मग तू कागद परत त्यांच्याकडं सरकवलास आणि म्हणालास, "सही मेरीच है."

त्या भल्या माणसानं मला शेवटी काय सांगितलं ते तुला आठवत असेल. मिलनं एवढं लिहून द्यावं की नोंद चुकली आहे, मी आजच्या आज दुरुस्त करतो. एक ओळ, अंबादास. लिहिणारा मी. मी म्हणालो, आमच्या साहेबांना विचारून कळवतो. मी साहेबांना विचारलं नाही. आठवडाभरानं तू खिडकीशी आलास तेव्हा म्हणालो, कागद वर गेलाय. पुढच्या आठवड्यात म्हणालो, वरून आला नाही. तिसऱ्या आठवड्यात तू आलाच नाहीस.

गाठ थांबणार नव्हती. तू खाजगी दवाखान्यात विचारलंस. ऑपरेशनचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, खाटेचे रोजचे वेगळे, औषधं बाहेरून. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर निम्म्यात झालं असतं, आता सगळंच महागलंय. तुझ्याकडं विकण्यासारखं एकच होतं. पुढच्या खोलीत फरशी फोडून, बोल्ट रोवून उभा केलेला तो जुना पॉवरलूम. किती वर्षं त्याच्यासाठी झुरत होतास. आणखी सहा महिने मिल, मग घरीच चादरी, असं तुझं ठरलं होतं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं तुला, छाती नाजूक आहे, विणाई खातं सोडता आलं तर बघा. त्या मागावर पहिली चादर अजून निघायची होती.

ज्या दिवशी माग गेला त्या दिवशी मी आलो होतो. का आलो, मलाही सांगता येणार नाही. दारात हातगाडी होती, विकत घेणाऱ्याची दोन माणसं होती, आणि माग दारातून निघत नव्हता. तू मला बघितलंस.

"बरं झालं आलास. धर रं, त्या बाजूनं धर."

मी धरला. चौघांनी मिळून तो बाहेर काढला. माझ्या बोटाला पत्रा लागला, तर तू वहिनीला हाक मारून हळद आणवलीस. ज्या बाईला ऑपरेशनसाठी न्यायचं होतं ती उठून माझ्या बोटावर हळद दाबत होती. तेव्हाही मी बोललो नाही. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर तू आत गेलास, फरशीतली चार भोकं बघितलीस आणि म्हणालास, "आता गोट्या खेळायला बरं."

वहिनी वाचली. ह्याबद्दल मी देवाचे जेवढे आभार मानले तेवढे तूही मानले नसतील. तुझी बायको वाचली म्हणून तू मानलेस. मी मानले ते माझ्या हातून खून होता होता राहिला म्हणून.

मी हेडक्लार्क झालो. तू पाळी सुटल्यावर खिडकीशी आलास. "हेडक्लार्क झालास की रं. पेढे कुटं हायत?" मी पेढा दिला. तू अर्धा तोडून परत माझ्या तोंडात घातलास. मी वाट बघत होतो की तू आता म्हणशील, काय रे, आलं होतं ना मोठं दुखणं? मिळालं ना विम्याचं? आपलं भांडण होतं ना ते, त्याची शेवटची बाजी तुझी होती. तू ते वाक्य कधी उच्चारलंच नाहीस. त्या दिवसानंतर विमा हा शब्द तुझ्या बोलण्यातून कायमचा गेला. पगारातून कापलं गेलं की तू गुपचूप पाकीट घेऊन निघून जायचास. मला हायसं वाटायचं, लाज वाटायची, आणि त्यातलं हायसं वाटणं मोठं असायचं.

मग तुझा खोकला. मिलमध्येच राहिलास, धूळही तिथंच राहिली. या खेपेला विम्याच्या दवाखान्यात काही अडलं नाही, कार्डावर तुझं स्वतःचं नाव बरोबर होतं. दर रविवारी मी मोसंबी घेऊन यायचो. दर रविवारी ठरवून यायचो की आज सांगायचं. मग गड्ड्याच्या जत्रेत कुठला पाळणा आला, मिलचा कोण रिटायर झाला, असलं काहीबाही बोलून उठायचो. शेवटच्या रविवारी तू नाकातली नळी सावरत म्हणालास, "बघ वसंता, माझं कापल्यालं वसूल व्हायलंय." मी हसलो. तूही हसलास, मग खोकलास. मला वाटलं भांडण मिटलं. तू मला माफ केलंस की मारलंस, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा माणसं उठून गेल्यावर मी पिशवीतून फॉर्म काढले. फंडाचा आणि विधवेच्या पेन्शनचा. वहिनीला म्हटलं, हेलपाटे नकोत, मीच भरून नेतो. केवढा उदार. खरं म्हणजे मनात हे होतं की नव्या फॉर्मवर गुपचूप बायको लिहायचं, जुना कागद कुणी काढला नाही तर निभावून जाईल.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी नाव लिहिलं, वय लिहिलं. नात्याच्या रकान्याशी आलो आणि काही न विचारता लिहिलं.

"काय लिवलं, भावजी?"

"नातं."

"वाचून दावा की."

"वाइफ. म्हणजे पत्नी."

"आन् पैल्या फार्मावर काय लिवलंवतं?"

मी मान वर केली नाही. ती आवाज न चढवता बोलत राहिली.

"त्यानला ठावं होतं. कचेरीतनं घरी आलो त्याच दिवशी मला म्हनले, अक्षर वसंताचं हाय. इंग्रजी मला येत न्हाय, पन त्याच्या शेपट्या मी वळखतो म्हनले. पाच वर्सं त्याच्या पाटीत बघून लिवलंय."

मी म्हणालो, "मग मला बोलला का नाही?"

"मीबी त्येच म्हनले. तर त्ये म्हनले, त्यानं सांगितलं तर सांगू दे, आपुन इचारायचं न्हाय. इचारलं तर त्याची नोकरी जाईल. त्याची पोरगी ल्हान हाय." मग ती म्हणाली, "लई वाट बघितली त्यानी तुमची. रविवारी तुमी येऊन गेला की म्हनायचे, आजबी न्हाय बोलला बघ."

म्हणजे ते वसूल झाल्याचं वाक्य तू मला दिलेली वाट होती. तू दार उघडून धरलं होतंस आणि मी मोसंबीची सालं गोळा करत बसलो.

मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय आखडून घेतले. म्हणाली, "पाया नका पडू. नीट लिवा. भाची म्हनून ऱ्हायलं तर पोरांना काय मिळायचं न्हाय." ती बरोबर बोलली. नव्या फॉर्मवर मी काहीही लिहिलं तरी जुना कागद निघणारच होता. तो निघाला की पुन्हा कुणीतरी विचारणार, बहिणीची मुलगी आहे का, आणि तीही खोटं बोलणार नाही. ते अडवायला एकच कागद लागतो, आणि तो माझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

तो काल दिला. साहेबांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. इंग्रजीत चार ओळी. की सदर नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली, चौकशीत खरं सांगितलं नाही, राजमणी ही कै. अंबादास यांची कायदेशीर पत्नी आहे, तिच्याकडून वा तिच्या पतीकडून कोणतीही लबाडी झालेली नाही. साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" म्हटलं, कळतो. खुर्ची राहील की जाईल ते पुढच्या आठवड्यात ठरेल. काही जण म्हणाले, वसंतरावांनी मित्रासाठी केवढं केलं. ह्यावर मात्र मी तिथल्या तिथं बोललो. म्हटलं, मित्रासाठी चार वर्षांपूर्वी करायचं होतं, तेव्हा पेढे वाटत होतो.

तो जबाब हातानं लिहिलेला होता. साहेब म्हणाले, टाइप करून आणा, वाचायला सोपं जाईल. मी नाही म्हणालो. सगळ्या शेपट्यांसकट हातानं लिहिलेला तोच ठेवला. कुणी तो जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला तर त्याला विचारायला लागू नये.

तू ओळखलं होतंस, तरी मी सांगतो. अक्षर माझं आहे, अंबादास.